हात लावू नये

उज्ज्वलाताई,

तुला ‘तू’ म्हणते आहे, तेही सगळ्यांदेखत. आपलं ठरलेलं होतं, वर्गात तू आणि घरात तुम्ही. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी "ताई, तुमचे गॉगल कपाळावरच राहिलेत" म्हणाले, तेव्हा तू मला बाजूला घेऊन दटावलंस. "एका टेबलावर उभ्या आहोत आपण. इथे मी तुझी नणंद नाही, पार्टनर आहे. ‘तुम्ही’ काय म्हणतेस?" त्यानंतर सांगलीहून आईंचा व्हिडिओ कॉल आला की मी निमूटपणे ‘तुम्ही’वर यायचे आणि तू कॅमेऱ्याबाहेर तोंड करून हसायचीस. आता तुझ्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे वाचलं तर वाचू दे. त्यांना सध्या कशाचाच राग येत नाही.

तुला जाऊन महिनाही झाला नाही. रविवारी सकाळी इथे सिंगापूरला, यिशुनच्या घरी चहाचं आधण ठेवलंस, "जरा पडते" म्हणून आत गेलीस, आणि तिथेच तुझं हृदय थांबलं. ईशान घरात होता. तुझ्या लेकाने जे जे करायला हवं होतं ते सगळं केलं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण तो अजून ते मानायला तयार नाही. भावोजींचं जहाज भर समुद्रात होतं. पुढच्या बंदरात उतरून ते विमानाने आले, आणि ते येईपर्यंत आम्ही तुला थांबवून ठेवलं. जन्मभर त्यांची वाट बघितलीस, एवढी एक शेवटची राहिली होती. ते आले आणि तुझ्या पायाशी बसून राहिले, बूटसुद्धा काढले नव्हते.

बाकीची माहिती मराठी मंडळाच्या ग्रुपवर आली. कुठे जन्मलीस, कोणाची कोण, गणपतीत मोदकांची जबाबदारी कशी सांभाळायचीस, सगळं. फोटो हळदीकुंकवाचा, पैठणीतला. मला मात्र तू आठवतेस ती त्या पांढऱ्या कोटात. तुला तो एक माप मोठा होता, बाह्या दुमडाव्या लागायच्या, आणि गॉगल काढलेस की नाकावर दोन लाल वळ उठलेले असायचे. त्या वेषातला तुझा एकही फोटो कोणाकडे नाही.

कालपर्यंत मी कोर्स सोडणार होते. सगळ्यांचं तेच म्हणणं होतं, तुझ्या भावाचं, समीरचंसुद्धा. आज मी तुझा कोट आणायला लॅबमध्ये गेले होते, आणि तिथे काय झालं ते तुला सांगायलाच बसले आहे. पण मला सरळ सांगता येत नाही, तुला माहीत आहे. आधी थोडं मागचं.

हा सगळा उद्योग तुझा. मी आपली वुडलँड्सच्या मॉलमधल्या औषधांच्या दुकानात सुखाने नोकरी करत होते. पुण्याचा डी.फार्म.चा डिप्लोमा होता, त्यात माझं भागत होतं. तूच एका दुपारी दुकानात येऊन काउंटरवर युनिव्हर्सिटीचं माहितीपत्रक आपटलंस. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे सायन्सचे वर्ग. "तुला बढतीसाठी डिग्री हवी आणि मला सोबत हवी. सही कर." मागे खोकल्याच्या औषधाला उभा असलेला माणूससुद्धा थांबून ऐकायला लागला. तांजोंग पगारच्या ऑफिसातून दमून आलेला तुझा भाऊ म्हणाला, "ताई, या वयात ऑरगॅनिक केमिस्ट्री? त्यापेक्षा योगा कर." तू त्याच्या पोटाकडे बघून म्हणालीस, "तो तू कर."

तुझं खरं कारण मला नंतर कळलं, एमआरटीच्या गाडीत. सांगलीला तू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतीस, लग्न ठरलं, आणि भावोजींना जहाजावर हजर व्हायची तारीख तुझ्या परीक्षेच्या आधीची निघाली. तुझे सासरे म्हणाले होते, "जहाज थांबत नाही, परीक्षा थांबते." हे तू हसत सांगितलंस. मग खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "थांबली ती थांबलीच गं." त्या दिवसापासून मी एकही तास बुडवला नाही, आणि त्याचं कारण तुला कधी सांगितलं नाही. ते आज सांगते. माझ्या डिग्रीसाठी मी येत नव्हते, ताई. तुझी परीक्षा या वेळी थांबू नये म्हणून येत होते.

मी वुडलँड्सला चढायचे, तू यिशुनला. तिसरा डबा ठरलेला. तू आत यायचीस ती हातात डबा आणि तोंडात प्रश्न घेऊन. आपली अभ्यासाची तऱ्हाच वेगळी होती. मी पाठ करणारी. कार्डं करायची, एका बाजूला काय घातलं, दुसऱ्या बाजूला काय मिळालं, संपलं. तुला पाठांतराचा तिटकारा. "पाठ केलेलं सगळं मंगलाष्टकांच्या आवाजात वाहून गेलं माझं," म्हणायचीस. तुला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं. वर्गात विशीतली पोरं खाली मान घालून लिहून घेत असायची आणि मागून तुझा आवाज यायचा, "प्रोफ, बट व्हाय इट विल गो देअर ओन्ली?" पहिल्यांदा तू हे विचारलंस तेव्हा मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. प्रोफेसर बाई मात्र खडू फळ्याजवळच धरून थांबल्या, आणि मग पुढचा सगळा तास त्यांनी फक्त त्या एका प्रश्नावर घालवला. त्या दिवशी मला ऑरगॅनिक पहिल्यांदा समजलं. इलेक्ट्रॉन कुठून निघतो, कुठे जातो, का जातो, हे दाखवणारे ते वाकडे बाण मी तोवर नक्षी काढावी तसे काढत होते.

तेव्हा तुझे आभार मानले नाहीत. उलट म्हणाले, "तुझ्यामुळे आज सिलॅबस मागे पडला." तू म्हणालीस, "पडू दे की. पळून कुठे जातोय?"

आता आपला तो वाद.

तुझ्या तुपाबद्दल इथल्या मराठी घरांत कोणी कधी शंका घेतली नाही. दाणेदार, रवाळ, या दमट हवेतसुद्धा. लोणी कढवून झालं की पातेलं तू कोपऱ्यात ठेवायचीस, वर ताटली, त्यावर फडकं, आणि मग घरात सगळ्यांना बंदी. पंखा लावायचा नाही. ढवळायचं नाही. झाकण उघडून बघायचंसुद्धा नाही, "सारखं बघितलं की रवा धरत नाही" म्हणून. मी एकदा घाईत माझं तूप फ्रीजमध्ये घातलं, तर ते मेणासारखं गुळगुळीत झालं. तू ते चमच्याने उचलून समीरला दाखवलंस. "बघ, तुझ्या बायकोने क्रीम केलंय. तोंडाला लाव."

तर हे तूप तू लॅबमध्ये घेऊन आलीस. त्या दिवशी ॲस्पिरिन करायची होती. सगळं नीट झालं, गरम करणं, पाणी घालणं, व्हिनेगरचा तो वास. आता द्रावण थंड झालं की पांढरे स्फटिक यायला हवे होते. शेजारच्या टेबलांवर आले. आपल्या फ्लास्कमध्ये नुसतं पाणी. अशा वेळी काय करायचं ते कागदावर छापलेलं होतं. फ्लास्क बर्फात ठेवायचा आणि काचेच्या कांडीने आतून भिंतीवर ओरखडे काढायचे, म्हणजे स्फटिकांना धरायला जागा मिळते. मी कांडी उचलली आणि तू माझं मनगट धरलंस.

"अजिबात नाही. त्याला निवू दे."

"ताई, हे तूप नाहीये."

"दाणा तो दाणाच. हळू निवला की मोठा होतो. मागच्या आठवड्यात बाईंनीच सांगितलं, हळू थंड केलं तर स्फटिक मोठे आणि शुद्ध."

"आधी यायला तर पाहिजेत! आलेच नाहीत तर मोठे कुठून होणार?"

तू ऐकणार थोडीच. फ्लास्क टेबलाच्या पार कोपऱ्यात नेलास, वर रुमाल घातलास, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाऱ्याचा झोत सोडणारा पंखा दाखवून म्हणालीस, "प्लीज, नो विंड." ती बिचारी काही न समजता पंखा बंद करून आली. मी हसू दाबत उभी. तास संपत आला तरी आपला फ्लास्क ढिम्म. प्रोफेसर बाई आल्या, त्यांनीही कांडी पुढे केली. तू त्यांनाही नाही म्हणालीस. "वन वीक, प्रोफ. ओन्ली वन वीक आय अ‍ॅम आस्किंग." त्यांनी एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "ओके लाह. बट यू टू शेअर द मार्क्स, हां. नो क्रिस्टल, नो मार्क."

तू फ्लास्कचं तोंड बंद केलंस, चिकटपट्टी लावलीस, आणि तिच्यावर जाड पेनाने मराठीत लिहिलंस, ‘हात लावू नये’. सिंगापूरच्या लॅबमध्ये! मी म्हणाले, "कोण वाचणार हे?" तू म्हणालीस, "तू. तुझ्याचसाठी आहे ते."

त्यानंतर हॉकर सेंटरला चहा घेताना वाद पुढे गेला आणि ॲस्पिरिनवरून ईशानवर घसरला. त्याने तेव्हा नुकतीच चांगली नोकरी सोडली होती आणि घरी बसून होता. मी आणि समीर म्हणत होतो, त्याला जरा हलव, विचार, मागे लाग. तू म्हणत होतीस, त्याला निवू दे. "तुला ना मृणाल, जे दिसेल त्याला ढोसायची सवय आहे," म्हणालीस. मी चिडून म्हणाले, "आणि तुला सगळ्यावर झाकण घालायची." मग तू माझा कप ओढून एक घोट घेतलास, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालीस, "बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बाईशी काय बोलायचं." गाडीत आपण नेहमीसारख्या शेजारी बसलो. यिशुनला उतरताना तू बोट दाखवून सांगितलंस, "पुढच्या आठवड्यात बघू कोण खरं." हे आपलं शेवटचं बोलणं. भांडून आपण तुटलो नव्हतो, हे बरं झालं. पण वाद अर्धा राहिला.

पुढचा आठवडा आला तेव्हा मी तुझ्या घरी होते. येणाऱ्यांना पाणी देत होते, भावोजींना दोन घास खायला लावत होते. मधे कधीतरी दुकानात गेले, तर पहिल्याच गिऱ्हाइकाने ॲस्पिरिन मागितली. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलीय म्हणाला. मी पाकीट दिलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. लोकांना अशा गोष्टींत काहीतरी संकेत दिसतो. मला दिसला नाही. मला फक्त तुझी इतकी आठवण आली की उठवेना.

कोट आणायला मला ईशानने पाठवलं. "मामी, कॅन यू गेट हर कोट? शी वॉज सो हॅपी इन दॅट क्लास, लाह." मग मराठीत म्हणाला, "मी जाऊ शकत नाही." हल्ली तो पहाटे उठून बाबांसाठी चहा करतो. नोकरीचं मी विचारलेलं नाही. तुझ्यासाठी एवढं करते आहे असं समज.

तर आज. प्रोफेसर बाई लॅबमध्ये एकट्याच होत्या. त्यांनी कोट घडी घालून पिशवीत ठेवला होता. बाहीवर हळदीचा डाग होता, डब्याबरोबर कोंबायचीस ना. मी ठरवून गेले होते, कोट घ्यायचा, कोर्स सोडते म्हणून सांगायचं आणि निघायचं. पण त्याच आधी म्हणाल्या, "तिचा फ्लास्क अजून कपाटात आहे. पुढच्या बॅचला कपाट रिकामं करून द्यायचंय. मी टाकू शकले नाही. तू ठरव."

त्यांनी कपाट उघडलं. चिकटपट्टीचा एक कोपरा सुटला होता, तुझं अक्षर तसंच होतं. त्या लिपीतलं एक अक्षरही कोणाला कळत नव्हतं, पण इतक्या दिवसांत कोणीही त्याला हात लावला नव्हता.

आत नुसतं पाणी. स्वच्छ, नितळ. एक दाणा नाही.

मला काय वाटलं असेल, सांग. रडू नाही आलं. राग आला तुझा. बघ, म्हटलं होतं ना! इतक्या दिवसांत तर दगडालासुद्धा पाझर फुटला असता. मी तुझ्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडत होते आणि समोर प्रोफेसर बाई काचेची कांडी घेऊन उभ्या होत्या. "तुला ओरखडायचं होतं, नाही का?"

मी फ्लास्क टेबलावर आणला, तोंड उघडलं, कांडी घेतली. आणि ती मला आत घालवेना. तुझ्या अक्षराचा मान ठेवावा वगैरे काही मनात नव्हतं. एक ओरखडा काढला असता, स्फटिक आले असते, मी जिंकले असते आणि आपलं भांडण संपलं असतं. ते मला नको होतं. तुझं-माझं म्हणून तेवढंच एक चालू राहिलं होतं.

मी कांडी खाली ठेवली. म्हटलं, राहू दे, जसाच्या तसा घरी नेते. फ्लास्क उचलला आणि वळताना त्याचं बूड टेबलाच्या कडेवर ठणकन आपटलं.

ताई, वरून एक पांढरा धागा निघाला. तो खाली येईपर्यंत त्याला फांद्या फुटल्या, त्या फांद्यांना आणखी फांद्या, आणि मी श्वास घेऊन सोडेपर्यंत सगळा फ्लास्क सुयांनी भरून गेला. लांब, चकचकीत सुया. प्रोफेसर बाईंच्या तोंडून "वाह" निघालं. मग त्यांनी समजावलं, इतकं भरलेलं द्रावण असलं की कधी कधी नुसता एक धक्का पुरतो.

मग मात्र मी रडले. चांगली हुंदके देऊन, त्यांच्यासमोर, गॉगल लावून. तेराव्यालासुद्धा इतकी रडले नव्हते. आणि रडता रडता हसूही यायला लागलं, कारण मला तुझा आवाज ऐकू येत होता. तू म्हणत होतीस, इतके दिवस शांत ठेवलं म्हणूनच एवढे सुंदर आले. आणि मी म्हणत होते, आपटला म्हणून आले, नाहीतर दिवाळीपर्यंत तसाच बसला असता. यात कोण खरं हे कोणालाच ठरवता येणार नाही, ताई. प्रोफेसर बाईंनाही विचारलं. त्या खांदे उडवून म्हणाल्या, "बोथ ऑल्सो कॅन." म्हणजे दोन्ही चालतं. त्यांचं इंग्रजी आपल्यासारखंच आहे, कामापुरतं आणि प्रेमळ.

मी माल गाळला, वाळवला, वजन केलं. फार नाही भरला. शुद्धताही तपासली, तर हलकी जांभळट छटा आली, म्हणजे इतके दिवस पाण्यात राहून थोडी ॲस्पिरिन बिघडली होती. हे तुला कळलं पाहिजे म्हणून सांगते, मेलेल्या माणसाशीही मी निकालाबाबत खोटं बोलणार नाही. रिपोर्टवर दोघींची नावं घातली. मार्क अर्धे-अर्धे होतील.

कोर्स सोडायचं बोलणं माझ्या तोंडून निघालंच नाही. निघताना प्रोफेसर बाईंनीच विचारलं, पुढच्या आठवड्यापासून कसं करणार आहेस? एकटीने करायचं तर चालेल, नवी पार्टनर हवी तर तीही देते, कशी हवी सांग. हुशार मुली आहेत वर्गात, शांत, मदत करणाऱ्या.

मी म्हणाले, "प्रोफ, जिला माझं पटणार नाही अशी कोणीतरी द्या."

त्या आधी हसल्या, मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. तशी मिळायची नाही, ताई. पण मी मागून ठेवलं आहे.